वाडी आधी गाव ठरू दे! रायगडच्या आदिवासींचा स्वयंनिर्णय नेमका कुठे अडलाय?

दरवर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेरला गर्दी होते. हुतात्मा स्तंभाला हार पडतात, पोलिसांची मानवंदना होते, पुढाऱ्यांची भाषणं होतात. १९३० साली याच दिवशी अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि आठ जण हुतात्मा झाले. त्या आठ नावांत एक नाव आहे नाग्या महादू कातकरी.

भाषणांत नाग्या कातकऱ्याचं नाव येतं, टाळ्याही पडतात. पण ज्या जंगलासाठी तो गेला त्या जंगलावर त्याच्या जमातीचा हक्क आज कागदावर किती, हा प्रश्न त्या मांडवात कुणी विचारत नाही. ज्या जमिनीवर कातकऱ्यांची घरं उभी आहेत ती जमीन तरी त्यांच्या नावावर आहे का, हेही कुणी विचारत नाही. या लेखात तेच तपासायचं आहे.

आदिवासींचा 'स्वयंनिर्णय' किंवा 'भूप्रदेशावरचा हक्क' हे शब्द ऐकले की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. एक तर लोकांना वाटतं हे गडचिरोली-झारखंडचं प्रकरण आहे, आपल्या रायगडचा काय संबंध? नाहीतर कुणाला फुटून निघण्याची भीती दिसते. दोन्ही समज चुकीचे. रायगडमध्ये हा प्रश्न अगदी साध्या जागी अडलाय. आपली वाडी सरकारदरबारी 'गाव' म्हणून मोजली जात नाही, म्हणून तिची सभा होत नाही. सभा नाही म्हणून ठराव नाही, आणि ठराव नाही म्हणून हक्क नाही.

स्वयंनिर्णय म्हणजे वेगळं राज्य नव्हे

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने १४४ देश, विरोधात फक्त चार : अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. भारताने बाजूने मत दिलं. जाहीरनाम्याच्या तिसऱ्या कलमात स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. लगेच चौथ्या कलमात त्याचा अर्थ सांगितलाय : आपल्या अंतर्गत आणि स्थानिक कारभारात स्वायत्तता. ४६ व्या कलमात तर स्पष्टच लिहिलंय, की याचा आधार घेऊन कुठल्याही देशाचे तुकडे करता येणार नाहीत.

मत बाजूने देऊनही भारत सरकारची भूमिका अशी राहिली, की आपल्या देशातले सगळेच मूलनिवासी, त्यामुळे वेगळा 'मूलनिवासी' गट मानायचं कारण नाही. १९७९ साली नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होतानाही भारताने नोंदवून ठेवलं, की स्वयंनिर्णय हा शब्द परकी सत्तेखालच्या लोकांपुरताच. पण त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०७ क्रमांकाचा करार भारताने मान्य केला होता. आदिवासी परंपरेने ज्या जमिनी वापरतात त्यावर त्यांची मालकी, वैयक्तिक असो की सामूहिक, मान्य करावी असं त्यात आहे. तो करार आजही आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणजे शब्दावरून वाद असला तरी जमिनीची गोष्ट आपण साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच कबूल केलीय.

आपल्या संविधान सभेतही हा विषय निघाला होता. डिसेंबर १९४६ मध्ये जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि त्यांनी सुनावलं, की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. त्यांचा रोख जमातीच्या बैठकीवर होता. सगळे बसतात, बोलतात, ठरवतात. आजच्या कायद्यातली ग्रामसभा तीच.

आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन राजकीय विचारवंत बाईंनी एक मांडणी केलीय, ती इथे उपयोगी पडेल. त्या म्हणतात, स्वयंनिर्णय म्हणजे 'आमच्यात कुणी ढवळाढवळ करू नये' एवढंच नाही, कारण कुठलाच समाज एकटा जगत नाही. स्वयंनिर्णय म्हणजे 'आमच्यावर कुणाची मनमानी चालू नये'. रायगडच्या वाडीला हे चपखल बसतं. वाडीतला माणूस बाजारहाटाला खाली गावात येतो, भट्टीवर जातो, मोठ्या गावच्या शेतावर राबतो. त्याला गावापासून तुटायचं नाहीये. पण वाडीची वाट, विहीर, जंगल आणि घराखालची जागा यांचा निर्णय त्याला न विचारता होऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

रायगड पाचव्या अनुसूचीच्या बाहेर

आता कायद्याकडे येऊ. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत 'अनुसूचित क्षेत्रं' आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू होतो. पेसाने गावाची व्याख्याच बदलली. महसुली नकाशावरचं गाव नव्हे, तर जिथे एक समाज आपल्या रीतीभातीने कारभार चालवतो ती वस्ती, तो पाडा, म्हणजे गाव. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पेसाचे नियम केले. त्यात पाड्याने ठराव करून, प्रांताकडे अर्ज करून स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हायची वाट दिलीय.

पण रायगड जिल्ह्यातला एकही तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातला शहापूर आहे, कर्जतला लागून असलेल्या मुरबाडची काही गावं आहेत, पालघरचे तालुके आहेत. आपले पंधराच्या पंधरा तालुके बाहेर. २०११ च्या जनगणनेत रायगडमध्ये अनुसूचित जमातींचे साधारण ३ लाख लोक होते, दर शंभरामागे साडेअकरा. संख्या लहान नाही, पण विखुरलेली आहे. या डोंगराला दहा घरं, त्या खाडीकाठी पंधरा घरं. अनुसूचित क्षेत्र ठरवताना आदिवासींची बहुसंख्या आणि सलग प्रदेश बघतात. तिथे आपण मार खातो.

याची किंमत काय? एक उदाहरण घ्या. २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरून वनहक्क कायद्यात महाराष्ट्रापुरते दोन बदल केले. एक, जिल्हा समितीने दावा फेटाळला तर विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील. दुसरा, वाढलेल्या कुटुंबांना जवळच्या वनजमिनीवर घरासाठी जागा. दोन्ही बदल फक्त अनुसूचित क्षेत्रापुरते. डोंगराच्या पलीकडे मुरबाडच्या पेसा गावातल्या ठाकराला जे मिळालं ते अलीकडच्या कर्जतमधल्या त्याच्या पाहुण्याला नाही. जमात एक, बोली एक, सोयरीक एक, फक्त तालुक्याची हद्द वेगळी.

इर्शाळवाडी आठवा

घराच्या जागेचा प्रश्न किती जिवावरचा आहे ते १९ जुलै २०२३ च्या रात्री सगळ्या राज्याने पाहिलं. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकर समाजाची वस्ती, दरडीखाली गेली. शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. सरकारने विधिमंडळात सांगितलं, की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती.

यादी करताना सर्वेक्षण झालं असेल, तज्ज्ञ असतील. पण ज्या वाडीला स्वतःची सभा नाही, नकाशावर स्वतंत्र नाव नाही, रस्ता नाही, तिचं म्हणणं त्या यादीपर्यंत जाणार कोणत्या वाटेने? डोंगराला पडलेली भेग सगळ्यात आधी वाडीतल्या माणसाला दिसते. ती दिसली की ठराव करून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवायचा अधिकार, आणि वाडी खाली आणायची तर कुठे आणायची हे सांगायचा अधिकार, हाच भूप्रदेशावरचा हक्क. पुढे चौकजवळ नवी घरं बांधली गेली, ते बरंच झालं. पण जागा मिळायला आधी दरड कोसळावी लागू नये.

कातकरी : जमिनीवर आहेत, कागदावर नाहीत

रायगडमध्ये ठाकर आहेत, महादेव कोळी आहेत, पण सगळ्यात कोंडीत सापडलाय तो कातकरी. केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती 'विशेष असुरक्षित' मानल्यात त्यांत माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी येतात. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. त्यांतले बरेचसे रायगड आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात.

कातकरी हे नावच खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडलं. इंग्रजांनी जंगल राखीव केलं, खैराला हात लावायची बंदी आली आणि जमातीचा धंदाच गेला. मग कोळसाभट्टी, मग वीटभट्टी. काहींना वनखात्याने डोंगरउतारावर 'दळी'च्या जमिनी दिल्या होत्या. झाडाच्या फांद्या तोडायच्या, जाळायच्या, त्या राखेत नाचणी-वरी पेरायची. ही दळी बहुतेक वेळा वाडीतल्या एका म्होरक्याच्या नावाने असायची आणि कसायची दहा-पंधरा घरं मिळून. जमीन सामूहिक, कागदावर नाव एकाचं. पुढे काही ठिकाणी तो कागदही गेला, काही ठिकाणी नाव राहिलं पण कुटुंबं वाढली. रायगडमध्ये सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी या दळी जमिनींसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, दावे लढवले. वनहक्क कायदा आल्यावर त्या दाव्यांना पहिल्यांदा भक्कम आधार मिळाला.

पण कातकऱ्यांचं एक दुखणं वनहक्क कायद्यानेही पूर्ण बरं होत नाही. त्यांच्या अनेक वाड्या वनजमिनीवर नाहीतच. त्या खासगी मालकाच्या वरकस जमिनीवर आहेत. आजोबांच्या काळी शेतमालकाने राबायला माणसं हवीत म्हणून त्यांना बसवलं. तेव्हा त्या माळाला किंमत नव्हती. आता मुंबई-गोवा महामार्ग रुंद होतोय, नवी मुंबईचा विमानतळ झालाय, अटल सेतू जानेवारी २०२४ पासून सुरू आहे, फार्महाऊसचे प्लॉट पाडले जातायत. माळाला भाव आला आणि वाडी 'अडचण' झाली. कधी कुंपण पडतं, कधी वाट बंद होते, कधी विहिरीवर जायला मनाई होते.

घरकुलाचं घोडंही इथेच पेंड खातं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने विशेष असुरक्षित जमातींसाठी पीएम-जनमन योजना आणली. पक्क्या घराला २ लाख रुपये. चांगली योजना. पण घर बांधायचं कुठे? खालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असेल तर 'जागेचा पुरावा' या रकान्यात लिहायचं काय?

यावर वाट नाही असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, वाढवू शकतात. कुळकायद्यातही, कलम १६ ते १८ मध्ये, दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या खर्चाने घर बांधून राहणारं कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण आहे आणि घराखालची जागा विकत घ्यायची तरतूदही आहे. हे कायदे आजचे नाहीत. वापरणारा हवा, आणि वापरायला लावणारी सभा हवी.

वनहक्क कायद्यातली वाडी

पेसा नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, तो सगळ्या देशात लागू आहे. रायगडच्या दृष्टीने त्यातल्या चार गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली, 'गावा'ची व्याख्या. कलम २ मध्ये महसुली गावाबरोबरच जुन्या वस्त्या आणि सर्वेक्षण न झालेली गावंही 'गाव' धरलीत, मग ती अधिसूचित असोत वा नसोत. म्हणजे जंगलातली वाडी ही वनहक्कासाठी गाव ठरू शकते. जुलै २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने स्वतःच मान्य केलं, की पंचायत पातळीवर ग्रामसभा घेतल्यामुळे छोट्या वस्त्या बाहेर राहतात.

दुसरी, कलम ३(१) मधला (ह) म्हणजे इंग्रजी 'एच' पोटभाग. वनजमिनीवरच्या जुन्या वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा मिळण्याचा हक्क त्यात आहे. हा उपकार नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे.

तिसरी, सामूहिक वनहक्क. नुसतं कसत असलेल्या तुकड्याचा दावा करून थांबू नये. जे जंगल वाडी पिढ्यान् पिढ्या वापरत आलीय ते राखायचा, वाढवायचा आणि त्याचा कारभार करायचा हक्क मागता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर असा हक्क मिळाला. पुढे बांबू विकायचा वाहतूक परवानाही ग्रामसभेच्या हाती आला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्या राज्याला ठाऊक आहे. पण मेंढ्यात आधी सर्वसहमतीने निर्णय घेणारी गावसभा रुजली होती, हक्काचा कागद नंतर आला, हे आपण विसरतो.

चौथी, 'अधिवास हक्क'. ही तरतूद विशेष असुरक्षित जमातींसाठी आहे. जमात फक्त घर आणि शेत यांवर जगत नाही. देवाची जागा, मसणवट, औषधी झाडं, मासे-खेकडे धरायची नदी-खाडी, कंदमुळांचं रान या सगळ्या परिसराशी तिचं नातं असतं. ते नातं हक्क म्हणून नोंदवायचं. २०१२ च्या सुधारित नियमांत तर जिल्हास्तरीय समितीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांवर, जबाबदारी टाकलीय, की या जमातींना अधिवास हक्क मिळतील हे बघा. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या बैगांना ते मिळाले, ओडिशात जुआंग आणि पौडी भुइयांना मिळाले. कातकऱ्यांच्या बाबतीत अडचण खरी आहे, कारण त्यांचं रान सलग राहिलेलं नाही. मधे महामार्ग आहे, कारखाने आहेत, खासगी जमिनी आहेत. पण म्हणूनच नकाशा काढायला आज सुरुवात करायला हवी. दहा वर्षांनी काढायला काही उरणार नाही.

समुद्रकाठी तेच

किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचा कायदेशीर दर्जा वेगळा. सोनकोळी अनुसूचित जमातीत येत नाहीत, वनहक्क कायदा समुद्राला लागू नाही. पण दुखणं ओळखीचं आहे. कोळीवाड्याची हद्द आखलेली नाही, जाळी सुकवायची जागा कागदावर 'सरकारी', आणि खाडीत मासे मारायचा पिढीजात वहिवाटीचा हक्क कुठल्याच उताऱ्यावर नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण-पनवेल परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसीला दिला. खारफुटी आणि खाडी गेली तर मासेमाराचं पोट जातं, हे त्या आदेशाने मान्य केलं. पण तो विचार झाला नुकसान झाल्यावर. वाडी असो की कोळीवाडा, आधी विचारलं जाणं हाच खरा मुद्दा आहे.

विचारलं, पण कुणाला?

आधी विचारण्याचा एक धडा रायगडने देशाला दिलाय. महामुंबई सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं जनमत घेतलं गेलं. प्रा. एन. डी. पाटलांसारखे नेते त्या लढ्यात होते. तो कौल कायद्याने बंधनकारक नव्हता, पण त्याचं वजन पडलं आणि तो सेझ काही उभा राहिला नाही. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीबाबत सांगितलं, की डोंगरावरचे हक्क आणि देवस्थान याबद्दल ग्रामसभांनी ठरवावं. बारा ग्रामसभा झाल्या. बाराही जणींनी खाणीला नकार दिला.

दोन्हींत एक फरक आहे. नियमगिरीत सभेत बसायला सातबारा लागला नाही. आपल्याकडे भूसंपादन आलं की पहिली यादी निघते ती खातेदारांची. ज्याच्या नावावर जमीन त्याचं मत, त्याचा मोबदला, त्याचं पुनर्वसन. कातकऱ्याचं नाव त्या यादीत येतच नाही. तीन पिढ्या त्याच माळावर काढल्या तरी तो 'बाधित' ठरत नाही. म्हणून रायगडमध्ये लोकशाहीचा प्रश्न आधी मोजणीचा प्रश्न आहे. मालक मोजायचे की राहणारे?

त्यातच २०२२ मध्ये केंद्राने वनसंवर्धनाचे नियम बदलले. वनजमीन प्रकल्पाला देताना ग्रामसभेची संमती आधी घ्यायची ही २००९ पासूनची अट केंद्राच्या टप्प्यावरून खाली ढकलून राज्यांवर सोडली. म्हणजे केंद्राची मंजुरी हातात घेऊन मगच वाडीकडे यायचं. लग्न ठरवून झाल्यावर मुलीला विचारल्यासारखं ते आहे.

आक्षेप आहेत, ते ऐकूया

'प्रत्येक वाडीची वेगळी सभा घेतली तर गाव फुटेल,' असं काही सरपंच म्हणतात. ग्रामपंचायत एकच राहणार आहे. निधी, कर, निवडणूक यांना वनहक्काची सभा हात लावत नाही. उलट वाडीचा ठराव हाती असला तर सरपंचालाच तालुक्याला भांडायला बळ येतं.

'जंगल त्यांच्या ताब्यात दिलं तर तुटून जाईल,' हा दुसरा आक्षेप. कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकारही आहे आणि जबाबदारीही. ज्याला हक्क नाही त्याला जंगल राखण्यात रस कशाला वाटेल?

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो वाडीतूनच येतो. सभा झाली तरी दलाल वाडीतलाच एखादा पुढारी हाताशी धरतो, कोऱ्या कागदावर अंगठे घेतो. हे होतं. म्हणून तर नियमांत गणपूर्ती आहे : निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बाया हव्यात. वनहक्क समितीतही एक-तृतीयांश बाया आणि दोन-तृतीयांश आदिवासी असावेत अशी अट आहे. हजेरी खरी असली आणि ठराव सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला, की अंगठ्याचा धंदा अवघड होतो.

सभा कधी, हाही प्रश्न

आता एक गोष्ट, जी कायद्याच्या पुस्तकात नाही पण रायगडच्या प्रत्येक वाडीला माहीत आहे. आपल्याकडे ग्रामसभा साधारण चार दिवशी होतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला घर बंद करून नवरा-बायको, पोरं सगळी जातात. परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर. म्हणजे चारपैकी दोन सभांना वाडीला कुलूप. अशा वेळी निम्म्यांची गणपूर्ती होणार कशी? आणि मग शेरा पडतो, 'आदिवासी उदासीन आहेत'.

वनहक्काची सभा वर्षातून कधीही घेता येते. ती जूनपासून दिवाळीपर्यंत घेतली पाहिजे, वाडीतच घेतली पाहिजे आणि संध्याकाळी, कामावरून माणूस परतल्यावर घेतली पाहिजे. ग्रामसेवकांनी आणि पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाने एवढं वेळापत्रक जरी बदललं तरी फरक दिसेल.

वाडीनेही काही कामं आजच धरावीत. पहिलं, वाडीतली जुनी माणसं आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब, जुनी विहीर, बांध, मसणवट, देवाची जागा हे सगळं पुरावा म्हणून चालतं. दुसरं, वाडीची जमीन वनखात्याची आहे की खासगी, हे तलाठ्याकडून उतारा काढून बघा. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत : वनजमीन असेल तर वनहक्क, खासगी असेल तर गावठाण आणि कुळकायदा. तिसरं, दावा फेटाळला असेल तर लेखी कारण मागा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हुसकावता येत नाही, असं कलम ४(५) सांगतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना काढायचा आदेश दिला होता, पण त्याच महिन्यात तो स्थगितही केला. 'कोर्टाचा आदेश आहे, उठा' असं कुणी म्हणालं तर कागद दाखवा म्हणावं.

रायगडला अनुसूचित क्षेत्रात घ्या, ही मागणी रास्त आहे, ती चालू राहावी. पण ती मान्य होईपर्यंत वाट बघत बसलो तर माळ विकले जातील, वाटा बंद होतील. हातात आहे तो कायदा वाडीला गाव म्हणायला तयार आहे. जिल्हा प्रशासनाने वाड्यांची यादी करून, एकेका वाडीत सभा लावून ते कागदावर आणायचंय.

चिरनेरच्या सत्याग्रहात आगरी होते, कोळी होते, कातकरी होता. जंगल सगळ्यांचं होतं म्हणून सगळे गेले. आजही वाडीची लढाई एकट्या वाडीची नाही. खालच्या गावाने 'ती त्यांची भानगड' म्हणून पाठ फिरवली तर उद्या गावाचा माळ जाताना विचारायला कुणी उरणार नाही.

आणि हो, २५ सप्टेंबर. तो दिवस दिवाळीच्या आधी येतो. कातकरी तेव्हा घरी असतात. पुढच्या वर्षी चिरनेरला हार घालून झाले की त्याच संध्याकाळी जिल्ह्यातल्या जमेल तितक्या वाड्यांत वनहक्काची सभा घ्यावी. नाग्या कातकऱ्याला मानवंदना द्यायची तर त्याच्या जमातीच्या माणसांना सभेत बसायला जागा तरी द्यायला हवी.